संस्थेतील एक व्यक्ती

तो अर्ज माझ्या अक्षरात गेला होता. मजकूर अर्थात माझा नव्हता. वाचनालयाचे कार्यवाह येरझाऱ्या घालत सांगत होते आणि मी देवघेवीच्या टेबलावर बसून लिहीत होते. तीन प्रती, मध्ये कार्बन. टाइपरायटर बिघडला होता आणि मुदत संपायला दोनच दिवस राहिले होते. "हिचं अक्षर छापल्यासारखं आहे, हिलाच लिहू दे," असं ग्रंथपाल काका म्हणाले, म्हणून मी.

सार्वजनिक वाचनालयांनी संगणक घ्यावा यासाठी सरकारची एक योजना निघाली होती. अर्धं अनुदान आधी मिळणार. उरलेलं अर्धं कधी, तर सगळ्या पुस्तकांची यादी संगणकात चढली आणि अधिकाऱ्यांनी येऊन ती तपासली की मग. अर्जातलं सातवं कलम मला अजून पाठ आहे: "संगणक चालवण्यासाठी संस्थेतील एका व्यक्तीस प्रशिक्षण देण्यात येईल." हे वाक्य लिहिताना माझं पेन जरा जास्त दाबलं गेलं असावं. तिसऱ्या प्रतीवरही ती ओळ ठळक उमटली होती. कारण माझी समजूत झाली की ती व्यक्ती मी.

तसं कोणी म्हणालं नव्हतं. पण वाचनालयात दुसरं होतं तरी कोण? काकांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सकाळी कॉलेज, दुपारी दोनपासून वाचनालय. दोन वर्षांत मला इतकी सवय झाली होती की वाचकाने नुसतं "ते निळ्या कव्हरचं, नवरा हरवतो ते" म्हटलं तरी मी उठून बरोबर कपाटापाशी जात असे.

चूक माझी ही झाली की मी घरी सांगितलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. आई अंगठा उठवायची. त्यामुळे मी एखादी गोष्ट सांगितली की ती तिला झालेलीच वाटायची. आठवड्याभरात सगळ्या आळीला कळलं. विहिरीवर बाया विचारायला लागल्या, "काय गो, टीवीसारखी मशीन हाय म्हनं? तू चालवनार?"

"अजून आली नाय," मी सांगायचे. पण हसून सांगायचे.

अनुदान मंजूर झालं. देवघेवीच्या टेबलाच्या उजव्या हाताला मासिकांचा कोपरा होता, तो काच लावून बंद केला. आत जुना एसी बसवला. कार्यवाहांच्या पत्नीने संगणकाला झालर लावून कव्हर शिवलं, पडद्याला वेगळं, कळफलकाला वेगळं. टेम्पोतून खोकी उतरली त्या दिवशी नारळ फुटला, पडद्याच्या कडेला हळदकुंकू लागलं, आणि दारावर पाटी आली: चपला बाहेर काढाव्यात.

त्याच संध्याकाळी कार्यवाह एका मुलीला घेऊन आले. माझ्याच वयाची. नवीन पनवेलला राहणारी, वडील मुंबईला ऑफिसात. तिने संगणकाचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. "हिला शिकवायला फार वेळ लागणार नाही," कार्यवाह काकांना म्हणाले. "प्रशिक्षणाला हिलाच पाठवू. आजपासून ही आपल्या संस्थेतलीच."

आजपासून. मी चहाचे पेले विसळत होते. विसळतच राहिले.

खरं सांगायचं तर त्यात अन्याय काही नव्हता. मला इंग्रजी वाचता यायचं, पण बोलताना घशात अडकायचं. संगणक मी फक्त बँकेच्या काचेतून पाहिला होता. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. कळून उपयोग मात्र काही होत नव्हता.

घरी आईने विचारलं, "बसलीस का त्या मशीनवर?"

"नाय अजून."

"मंग कवा?"

"शिकवनारेत आधी." मी ताट घेऊन दुसरीकडे तोंड करून बसले. आमच्या घरात हा प्रश्न मग रोजचा झाला.

आमचं गाव सुकापूरच्या पुढे. मी तिथून पनवेलला वाचनालयात चालत यायचे, आणि वाटेत त्या मुलीची बिल्डिंग लागायची. पहिला मजला, बाल्कनीत तुळस आणि एक वेताची खुर्ची. बाबा एकदा बरोबर होते तेव्हा सहज म्हणाले होते, "इथं आपलं खाचर व्हतं. भात बरा यायचा." ती तिथे राहायला येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, तिचा त्यात काय संबंध? तरी तिथून जाताना माझी चाल बदलायची. एकदा ती बाल्कनीतून ओरडली, "अगं थांब ना, दोन मिनिटं, एकत्र जाऊ!" मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. तिचे बाबा तिला पावसात स्कूटरवर सोडायचे. तिच्या बोटांची नखं स्वच्छ असायची. तिच्या डब्यात रोज वेगळं असायचं आणि ती डबा उघडला की आधी माझ्यापुढे सरकवायची. मी म्हणायचे, "माझा उपास आहे." आठवड्यातून चार-चार उपास. एक दिवस काका म्हणाले, "कुठला देव धरलायस गं? आम्हालाही सांग."

यादीचं काम सुरू झालं. पद्धत अशी ठरली: मी जाड दाखल नोंदवही घेऊन कपाटांपुढे उभी राहायची. वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक त्या वहीत क्रमांकाने लिहिलेलं असतं. मी क्रमांक आणि नाव वाचायचं, कपाटात बघायचं, आणि मोठ्याने सांगायचं, "आहे" किंवा "नाही". काचेला एक छोटी खिडकी ठेवली होती, सिनेमाच्या तिकिटांना असते तशी. त्यातून ऐकून ती आत लिहायची. "नाही" म्हटलं की मी वाचकांच्या कार्डांच्या खोक्यात शोधायचं. कार्ड सापडलं तर पुस्तक सभासदाकडे. नाही सापडलं तर गहाळ. संगणकात हे तीनच पर्याय होते.

अनामत भरून, अर्जावर सही करून सभासद झाल्याशिवाय पुस्तक घरी द्यायचं नाही, हा वाचनालयाचा नियम. पण दर शनिवारी मी कापडी पिशवीतून दहा-बारा पुस्तकं गावी न्यायचे. आमच्या आळीत आणि पलीकडच्या दोन गावांत सातवी-आठवीपर्यंत शिकून लग्न झालेल्या बऱ्याच बाया होत्या. त्या पनवेलला बाजाराला यायच्या, पण वाचनालयाची पायरी कधी चढल्या नसत्या. काकांना मी भीत भीत विचारलं होतं. ते इकडेतिकडे बघून म्हणाले होते, "डायरीत लिहून ठेव म्हणजे झालं. आणि कार्यवाहांपुढे पिशवी हलवू नकोस." तेव्हापासून माझ्या दप्तरात एक छोटी डायरी असायची. कोणतं पुस्तक कोणाकडे, सगळं त्यात. बाया पुस्तकं आपसातच फिरवायच्या, परत यायला महिने लागायचे. हळूहळू शंभरावर पुस्तकं तिकडेच राहिली होती.

कादंबऱ्यांच्या दुसऱ्या कपाटापाशी त्यातलं पहिलं आलं. मी क्रमांक वाचला. ते पुस्तक आमच्या शेजारच्या वहिनीच्या माळ्यावर, तांदळाच्या कणगीमागे होतं. मला दिसतच होतं ते.

"आहे?" खिडकीतून आवाज आला.

"नाही."

"कार्ड?"

मी खोकं चाळल्यासारखं केलं. "कार्ड नाही."

"मग गहाळ टाकू?"

मी वहीतल्या पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. आत कळ वाजली.

मी खोटं बोलले नव्हते. पुस्तक कपाटात नव्हतं, कार्ड नव्हतं. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं होतं. घरी जाताना मी हे स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की त्यावरूनच मला कळायला हवं होतं. उद्या सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती प्रशिक्षणात मिळालेलं प्रमाणपत्र घेऊन आली. कार्यवाहांनी ते चौकटीत घालायला लावलं. मी सांगितलं नाही. मनात आलं, यादीत घोळ निघू दे. मग कळेल सगळ्यांना, नुसता कोर्स करून वाचनालय चालत नाही. पुढच्या दोन महिन्यांत मी "नाही" हा शब्द शंभराहून जास्त वेळा उच्चारला. नंतर नंतर आवाजही स्थिर झाला माझा.

यादी छापून निघाली तो दिवस. घडीचा लांब कागद, कडेला भोकं असलेला, खर्रर्र करत बाहेर येत राहिला. शेवटी वेगळ्या पानांवर गहाळ पुस्तकं. कार्यवाहांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "एवढी? अहो, अधिकारी पुढच्या आठवड्यात येतायत. हे बघून दुसरा हप्ता देतील का ते आपल्याला?"

मी टेबलाशी उभी होते. आता ते तिला बोलतील, म्हणून वाट बघत होते.

"सर, माझं काही चुकलं असेल," ती घाबरून म्हणाली. "मी परत सगळं तपासते."

"तुझं कसं चुकेल? मशीन आहे ते. मशीनला काय लपवायचंय?" आणि ते काकांकडे वळले. "तीस वर्षं किल्ल्या तुमच्याकडे आहेत. पुस्तकं गेली कुठे?"

हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. दोन महिने मी तिच्याकडे इतकी बघत होते की काका मला दिसलेच नव्हते.

काकांनी यादी हातात घेतली. कागद डोळ्यांपाशी नेऊन हळूहळू वाचायला लागले. चौथ्या-पाचव्या नावाशी त्यांना कळलं असणार. ती पुस्तकं त्यांनी स्वतः मला काढून दिली होती. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कोणी ओळखीचं माणूस भलत्याच गावात दिसावं तसं बघितलं. मग कागदाची घडी घालून म्हणाले, "डोळे अधू झालेत. माझ्याकडूनच गेली असतील. लिहून देतो मी तसं."

"लिहून देऊन भागेल का? ग्रंथपाल म्हणून अधिकारी तुम्हालाच विचारणार. समितीला मग काहीतरी करावं लागेल."

"करा," काका म्हणाले.

त्या संध्याकाळी ती घरी गेली नाही. कपाटं पुढे ओढून मागे हात घालून पुस्तकं शोधत होती. तिला धुळीचा त्रास होता, सारख्या शिंका येत होत्या. नखं काळी झाली होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "तू तर सगळी पुस्तकं ओळखतेस. मला मदत कर ना. काकांवर येतंय सगळं. माझ्या हातून कुठेतरी चूक झालीय, मला झोप नाही लागायची."

"उद्या बघू," मी म्हटलं आणि निघाले. तिच्या बिल्डिंगखालून जाताना तिची आई बाल्कनीत तिची वाट बघत उभी दिसली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. डायरी घेऊन सकाळपासून दारोदार फिरले.

"सगली परत? का गो, आमी फाडली का?" शेजारची वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"तपासणी हाय वहिनी. द्या ना."

"मशीन आली आनि आमची पुस्तकं चालली. बरी हाय तुजी मशीन!" ती माळ्यावर चढली. वरून ओरडली, "बसलीस तरी का तिच्यावर?"

पलीकडच्या गावात एक जण दाराशी भांडी घासत होती. ओल्या हाताने पुस्तक देईना. "चार पानं राहिलीत. त्या बाईचं काय व्हतं ते तरी सांग मना."

मी भिंतीला टेकून तिला शेवटची चार पानं वाचून दाखवली. ती ऐकत उभी राहिली. संपल्यावर म्हणाली, "असं व्हय. मना वाटलंच व्हतं," आणि पदराने पुस्तक पुसून माझ्या हातात दिलं.

एका पुस्तकाच्या मधोमध हळदीचा अंगठा होता. एकाला कोणीतरी साडीच्या खोक्याचं पांढरं कव्हर घातलं होतं, सुबक. संध्याकाळपर्यंत एकशे नऊ मिळाली. तीन कुठे गेली ते कोणालाच सांगता आलं नाही. खताच्या दोन गोणी बाबांनी धुऊन वाळवून ठेवल्या होत्या, त्यांत भरली. गोणी उचलताना बाबा एवढंच म्हणाले, "जड हाय गो."

सकाळी रिक्षाने वाचनालयात आले. ती आली होती, काका यायचे होते. मी गोणी ओढत काचेच्या खोलीत गेले. आत जाण्याची माझी ती पहिलीच वेळ. चपला काढायच्या राहिल्या, हे फरशीवर लाल मातीचे ठसे बघितले तेव्हा लक्षात आलं.

"गहाळ पुस्तकं," मी म्हटलं. "आमच्या गावात होती. मी नेलेली. माझ्या डायरीत सगळी लिहिलेली आहेत."

ती गोणीत बघत राहिली. एक पुस्तक काढलं, क्रमांक वाचला, छापील यादीत बघितला. "तुला आठवलं नव्हतं का?" तिने विचारलं. तिच्या आवाजात इतकी आशा होती की "नाही" म्हणणं अगदी सोपं होतं. सवयही होती.

"आठवत होतं," मी म्हटलं. "प्रत्येक वेळी."

"मग?"

"ती खुर्ची मला हवी होती."

ती पडद्याकडे वळली. मग कळफलकावरचं झालरीचं कव्हर काढून बाजूला ठेवलं. "नंबर सांग," म्हणाली.

मी सांगत गेले. एकशे नऊ वेळा "आहे". दुपारी तिने डबा उघडला आणि एकटीने खाल्ला. त्या दिवशी मला खरंच भूक लागली होती.

कार्यवाहांना मी स्वतः जाऊन सांगितलं. फक्त पिशवीचं सांगितलं, दुसरं नाही सांगू शकले. ते काकांवर चिडले, माझ्यावर चिडले, आणि पिशवी बंद केली. काका मला एवढंच म्हणाले, "पोरी, मला आधी सांगायचंस." अधिकारी आले, त्यांनी मधूनच दहा-वीस क्रमांक काढून कपाटात पाहिले, हळदीच्या अंगठ्याचं पुस्तक नेमकं त्यांच्या हातात आलं, ते हसले, सही केली. दुसरा हप्ता मिळाला.

गावात मात्र शनिवारी बाया विचारायच्या आणि मी रिकाम्या हाताने जायचे.

महिनाभराने समितीची बैठक होती. मी चहा देत होते. तिला संगणकाचं काम सांगायला बोलावलं होतं. ते सांगून झाल्यावर ती म्हणाली, "सर, एक सुचवू? एका गावाची मिळून एक सभासद-नोंद करता येते. अनामत एक, जबाबदार व्यक्ती एक, पुस्तकं पंधरा. यादी दर महिन्याला छापून मिळेल. तपासणीत अडचण येणार नाही." तिने छापलेला नमुनाही आणला होता. त्यावर आमच्या गावाचं नाव होतं. जबाबदार व्यक्ती म्हणून माझं.

समितीने पाच मिनिटांत मान्य केलं. दोन वर्षं मी जी पिशवी लपवून नेत होते ती तिने एका कागदावर सरळ करून टाकली. मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला, पण नंतर. आधी मनात तेच आलं, नेहमीचं. हेही हिलाच सुचावं. आणि माझ्यासाठी सुचावं.

वर्षाच्या शेवटी तिला मुंबईत नोकरी लागली. जाण्याआधी पंधरा दिवस तिने मला शिकवलं. नीट शिकवलं, काही हातचं राखलं नाही. एकदा मी चुकून दिवसभराचं काम पुसलं, तेव्हा म्हणाली, "पुसलंच ना? वर्गात माझ्याकडून तर आख्ख्या महिन्याचं काम गेलं होतं." आणि हसली. बऱ्याच दिवसांनी माझ्याबरोबर हसली. डबा मात्र तिने पुन्हा पुढे सरकवला नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

मग मी त्या खुर्चीवर बसले. आईने त्या रात्री विचारलं, "बसलीस का?"

"बसले."

ती उठून अंगणात गेली आणि शेजारी हाक मारून सांगून आली. ती मुलगी नोकरीला निघून गेली म्हणून खुर्ची मिळाली, हे मी आईला सांगितलं नाही.

याला आता दोन वर्षं होतील. मी एम.ए. करते आणि दुपारी काचेच्या खोलीत असते. संगणकात प्रत्येक पुस्तकापुढे ते कोणी चढवलं त्याची आद्याक्षरं येतात. पहिल्या क्रमांकापासून बारा हजारांच्याही पुढे ओळीने तिचीच आहेत. त्यानंतर माझी सुरू होतात. नवं पुस्तक आलं की मी ते चढवते आणि कधी कधी, कोणी बघत नसताना, सर्वांत वर जाऊन खाली येते. माझ्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागतो. मधे ती एकशे नऊ पुस्तकं लागतात. त्यांच्यापुढेही तिचीच अक्षरं आहेत.